जय भीम कुणाचा, मक्रणपूरचा की कामठीचा?

प्रश्न : आमच्या गावातून दर वर्षी ३० डिसेंबरला माणसं मक्रणपूरला जातात. लहानपणापासून ऐकत आलो की ‘जय भीम’ तिथे सुरू झाला, भाऊसाहेब मोरे यांनी तो बाबासाहेबांच्या समोर पहिल्यांदा पुकारला. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात नागपूरकडचे पाहुणे भेटले. ते म्हणाले, “जय भीम आमच्या कामठीच्या बाबू हरदासांचा.” पंगती उठल्या तरी वाद मिटला नाही. खरं काय? आणखी एक विचारतो. त्या काळी आमच्याकडे निजामाचं राज्य. आमच्या माणसांना मत नाही, निवडणूक नाही. मग भाऊसाहेब मोऱ्यांना आपण राजकीय पुढारी म्हणतो ते कशाच्या जोरावर? आणि बाबासाहेब औरंगाबाद शहर सोडून मक्रणपूरसारख्या खेड्यात का आले?
— एक वाचक, देवगाव रंगारी, ता. कन्नड

उत्तर : पाहुण्यांचा हक्क आधीचा आहे, हे पहिल्यांदा सांगून टाकतो, म्हणजे लग्नातला वाद इथेच मिटेल. ‘जय भीम’ हे अभिवादन १९३५च्या सुमारास कामठीत बाबू हरदास एल. एन. यांनी कार्यकर्त्यांमध्ये रुजवलं. मक्रणपूरची परिषद ३० डिसेंबर १९३८ची, म्हणजे त्यानंतर तीनेक वर्षांनी. पण तुम्ही मक्रणपूरचा मान सोडू नका. तिथे जे घडलं ते कामठीत घडलेलं नव्हतं, आणि ते समजायचं तर तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करावी लागेल : बाबासाहेब तिथेच का आले?

याचं उत्तर शिवना नदीत आहे. कन्नडजवळून निघून लासूरवरून पुढे गोदावरीला मिळणारी ही तुमचीच नदी. आज तिच्या पात्रावरून आपण एसटीने जातो तेव्हा एका तालुक्यातच असतो. १९३८ साली मक्रणपूरजवळ ही नदी दोन राज्यांची शीव होती. अलीकडे हैदराबाद संस्थान, मीर उस्मान अली खान या सातव्या निजामाचा अंमल, कचेरीत उर्दू, पोलिसपाटलापासून तालुकदारापर्यंत सगळी उतरंड हैदराबादकडे तोंड करून. पलीकडे ब्रिटिश हद्द. मक्रणपूर त्या हद्दीत पडत होतं. बाबासाहेबांना संस्थानातून प्रवास करायला मुभा होती, भाषण करायला बंदी होती. गाडीत बसा, पण तोंड उघडू नका. तेव्हा औरंगाबादेत परिषद भरवणं शक्यच नव्हतं. ज्यांच्यासाठी परिषद ती माणसं निजामाच्या हद्दीत, वक्ता बोलू शकेल अशी जमीन नदीपलीकडे. भाऊसाहेबांनी नदीचा काठ गाठला तो त्यामुळे. परिषदेचं नावही ‘औरंगाबाद जिल्हा’ असंच होतं. जिल्ह्याची परिषद जिल्ह्याबाहेर भरली, यातच त्या काळची सगळी परिस्थिती आली.

संस्थानात सभेची परवानगी ही काय चीज होती याची कल्पना आज येणार नाही. ‘गश्ती निशाण ५३’ नावाचं एक परिपत्रक होतं. कुठलीही जाहीर सभा घ्यायची तर आधी सरकारी मंजुरी घ्या, असा त्याचा मतलब. हैदराबादच्या स्वातंत्र्यलढ्याच्या आठवणी वाचल्यात तर या गश्तीचं नाव पानोपानी भेटेल. त्यातून १९३८चं साल तर फारच तापलेलं. सप्टेंबरात स्टेट काँग्रेसवर ती नीट स्थापन होण्याआधीच बंदी आली. ऑक्टोबरच्या अखेरीस तिचा सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. नोव्हेंबरात औरंगाबादच्या कॉलेजातली आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातली मुलं ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून बाहेर काढली गेली. आर्य समाजाची वेगळी चळवळ चालूच होती. अशा हवेत डिसेंबरात एक दलित कार्यकर्ता हजारो माणसांना नदीकाठी बोलावतो आणि व्यासपीठावर डॉ. आंबेडकरांना बसवतो. निजामाच्या पोलिसांनी लोकांना जायला मनाई केली होती. लोक नदी उतरून गेले. खानदेशातून आले, विदर्भातून आले, मराठवाड्यातून तर आलेच.

खर्चाचं काय? मोरे कुटुंबात सांगितली जाणारी आठवण अशी की परिषदेच्या खर्चासाठी भाऊसाहेबांच्या आईने अंगावरचे दागिने गहाण टाकले. आजही निवडणुकीला उभं राहणारा माणूस पहिल्यांदा पैसे कुठून आणायचे ते पाहतो. इथे तर उमेदवारी नव्हती, जागा नव्हती, निवडून येण्याची आशा नव्हती. घरातलं सोनं गेलं ते एका दिवसाच्या सभेसाठी.

बाबासाहेबांना हा मुलूख नवा नव्हता. चार वर्षांपूर्वी, १९३४ साली, ते तीसेक सहकाऱ्यांना घेऊन वेरूळची लेणी पाहायला आले होते. वाटेत आपली ओळख फार उघड करायची नाही असं ठरलेलं. दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबले. रमजानचा महिना. प्रवासाची धूळ अंगावर होती, दरवाजाजवळच्या हौदातल्या पाण्याने काहींनी हातपाय-तोंड धुतलं. तेवढ्यात एक म्हातारा ओरडत आला, यांनी हौद बाटवला. बघता बघता जमाव जमला, शिवीगाळ झाली. शेवटी बाबासाहेबांनी जमावाला खडसावून विचारलं, तुमचा धर्म हेच शिकवतो का? आमच्यातला कुणी मुसलमान झाला असता तर त्याला या पाण्यापासून अडवलं असतं का? मग किल्ला पाहायला परवानगी मिळाली, पण कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि बरोबर एक हत्यारबंद शिपाई पहाऱ्याला. हा सगळा प्रसंग त्यांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणात लिहून ठेवला आहे. देवगावहून खुलताबादच्या वाटेने दौलताबादेला कधी गेलात तर किल्ल्याच्या माहितीफलकाबरोबर हेही डोक्यात असू द्या.

तेव्हा भाऊसाहेबांनी मुंबईला जाऊन संस्थानातल्या जाचाची कहाणी सांगितली असेल तर ऐकणाऱ्याला त्यातलं काही अनुभवाने ठाऊक होतं. तरुणपणीच ते बाबासाहेबांच्या संपर्कात आले होते. त्यांच्या तक्रारींत दोन गोष्टी ठळक होत्या. एक, गावगाड्यातला नेहमीचा अन्याय : वेठ, महारकी, पाणवठा. त्यासाठी निजामाची गरज नव्हती, तो नदीच्या दोन्ही काठांवर सारखाच होता. दुसरी, धर्मांतराचा दबाव. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात आपण हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं होतं. येवला म्हणजे तुमच्या वैजापूरच्या पलीकडचं गाव. त्या घोषणेनंतर प्रत्येक धर्माचे लोक त्यांच्या दारात उभे राहिले. हैदराबाद संस्थानात मात्र या आमंत्रणाला सत्तेचा वास होता. बहादूर यार जंग यांच्या नेतृत्वाखाली ‘इत्तेहाद’ या मुस्लिम संघटनेचा प्रचार जोरात होता, आणि दलितांची संख्या आपल्या बाजूला आली तर संस्थानातलं बहुसंख्य-अल्पसंख्य गणित बदलेल हा हिशेब त्यामागे होता. मक्रणपूरला बाबासाहेबांनी लोकांना सांगितलं ते नेमकं याच्या विरोधात : या संस्थानाला पाठिंबा देऊ नका.

आता अभिवादनाकडे येऊ. भाऊसाहेब बोलायला उभे राहिले आणि म्हणाले की प्रत्येक समाज आपापल्या देवाचं नाव घेऊन एकमेकांना नमस्कार करतो. आपल्याला वाट दाखवली ती बाबासाहेबांनी, आपल्या लेखी ते देवासारखेच, तर यापुढे आपण भेटल्यावर ‘जय भीम’ म्हणायचं. लोकांनी ते उचलून धरलं आणि तसा ठरावही झाला. हे शब्द कुटुंबाच्या आठवणीतून आले आहेत, शब्दशः इतिवृत्तातले नव्हेत. पण ठराव ही महत्त्वाची बाब. गावात पाटलासमोर कमरेत वाकून ‘जोहार मायबाप’ म्हणणाऱ्या समाजाने, आपण आपसात काय म्हणायचं हे सभेत हात वर करून ठरवलं. आणि ज्याच्या नावाने ते म्हणायचं तो माणूस समोर व्यासपीठावर बसलेला. त्यांना स्वतःला ते कितपत रुचलं असेल, असा प्रश्न मनात येतो. व्यक्तिपूजेबद्दलची त्यांची मतं प्रसिद्ध आहेत. पण लोकांनी आपला नमस्कार आपण निवडला तर नेत्याला त्यात फारसं बोलता येत नाही.

कामठीची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे आणि माझ्या मते ती महाराष्ट्रात फार कमी सांगितली जाते. एल. एन. म्हणजे लक्ष्मणराव नगराळे. हरदास यांचा जन्म ६ जानेवारी १९०४चा, कामठीचा. वडील रेल्वेत कारकून. मॅट्रिकपर्यंत शिक्षण नागपुरात. सतराव्या-अठराव्या वर्षी या मुलाने ‘महारठ्ठा’ नावाचं साप्ताहिक काढलं. आजची मुलं त्या वयात काय करतात ते विचारणार नाही, मी स्वतः काय करत होतो तेही सांगणार नाही. पुढे त्यांनी स्वयंसेवकांचं पथक उभं केलं, रात्रशाळा चालवल्या, पोटजातींच्या भिंती मोडाव्यात म्हणून चोखोबांच्या पुण्यतिथीला सहभोजनं घातली. गोलमेज परिषदेच्या वेळी अस्पृश्यांचा खरा प्रतिनिधी कोण हा वाद लंडनमध्ये पेटला तेव्हा बाबासाहेबांच्या बाजूने ब्रिटनचे पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांच्या नावे तारा पाठवणाऱ्यांत हे आघाडीवर होते.

पण त्यांचं रोजचं काम विडी कामगारांत होतं. कामठी-नागपूरकडे दलित वस्त्यांतल्या घराघरांत विड्या वळल्या जात. तेंदूपत्ता आणि तंबाखू ठेकेदार देणार, माल तोच उचलणार, मोजताना खराब म्हणून विड्या तोच काढणार, आणि काढलेल्याचे पैसेही तोच बुडवणार. हरदासांनी या कामगारांची संघटना बांधली. ठेकेदाराला बाजूला सारून कामगारांनीच सहकारी तत्त्वावर धंदा करावा हा त्यांचा विचार. हे काम करताना वस्त्या-वस्त्यांत मुसलमान शेजारी एकमेकांना ‘सलाम वालेकुम’ म्हणताना आणि पलीकडून ‘वालेकुम सलाम’ येताना ते ऐकत. भेटणारा मोठा असो की लहान, दोघांचे शब्द सारखे. हरदासांनी एका मौलवींकडून त्याचा अर्थ नीट समजून घेतला. आपल्याकडेही असं काही हवं असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी ठरवलं, एकाने म्हणायचं ‘जय भीम’, दुसऱ्याने उत्तर द्यायचं ‘बल भीम’. हळूहळू ‘बल भीम’ मागे पडला आणि दोन्हीकडून ‘जय भीम’च राहिलं. लोक आपल्या सोयीने शब्द घासून घेतात, तसं झालं.

हे हरदास १९३७ला आमदार झाले. इथे तुमच्या मधल्या प्रश्नाचं, म्हणजे माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाच्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं.

कामठी मध्य प्रांतात, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानात. १९३५च्या कायद्याने प्रांतांना निवडून आलेली विधिमंडळं मिळाली आणि १९३२च्या पुणे करारामुळे त्यांत अस्पृश्यांसाठी राखीव जागा आल्या. मतदानाचा हक्क अजून मालमत्ता आणि शिक्षण पाहूनच होता, सरसकट नव्हता, तरी निवडणूक होती. बाबासाहेबांनी ऑगस्ट १९३६मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. त्या पक्षाच्या तिकिटावर विडी कामगारांचा हा पुढारी ३३व्या वर्षी नागपूर-कामठीतून निवडून गेला. पक्ष, चिन्ह, प्रचार, मतपेटी, सभागृह. राजकीय कारकीर्द म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर जो आराखडा येतो तो हरदासांच्या बाबतीत पुरा होतो.

कन्नड तालुक्यात भाऊसाहेबांना यातलं काहीच नव्हतं. हैदराबादला कायदेमंडळ होतं, पण ते बहुतांशी नेमलेल्या माणसांचं, लोकांनी निवडलेलं नव्हे. पक्ष काढायचा तर बंदी. सभा घ्यायची तर गश्ती. दोघे एकाच नेत्याचे अनुयायी, एकच भाषा बोलणारे. एकाला नागपूरच्या विधिमंडळात भाषण करता येतं, दुसऱ्याला भाषण ऐकायला नदी ओलांडून जावं लागतं. म्हणून तुम्ही विचारलंत की त्यांना राजकीय पुढारी कशाच्या जोरावर म्हणायचं, तर मी म्हणेन, याच जोरावर. जिथे मतदार नव्हता तिथे त्यांनी मतदारसंघ उभा केला. मक्रणपूरला जमलेली माणसं म्हणजे पुढे १९५२ला पहिल्यांदा मत देणारे लोक. मत देण्याच्या चौदा वर्षं आधी ते आपली बाजू ठरवायला नदीकाठी आले होते.

बाजू ठरवणं हे तिथलं खरं राजकारण, आणि ते सोपं नव्हतं. १९४२च्या जुलैमध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झालं आणि भाऊसाहेब मोरे फेडरेशनचे मराठवाड्यातले पहिले अध्यक्ष झाले. संस्थानातले सगळे दलित नेते मात्र या बाजूला नव्हते. बी. एस. व्यंकटराव यांचं हैदराबादेत मोठं नाव होतं. ते १९४७ला निजामाच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. दुसरे बी. श्यामसुंदर. हे तर तुमच्याच जिल्ह्यातले, जन्म १९०८चा, औरंगाबादकडचा. दलितांनी सवर्ण हिंदूंच्या सत्तेखाली जाण्यापेक्षा निजामाबरोबर राहावं असं त्यांचं मत होतं. सप्टेंबर १९४८मध्ये हैदराबादचा प्रश्न घेऊन निजामाचं शिष्टमंडळ संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे पॅरिसला गेलं, त्यात श्यामसुंदर होते. ते पॅरिसला असतानाच १७ सप्टेंबरला संस्थान संपलं. याच श्यामसुंदरांनी पुढे १९६८ला गुलबर्ग्यात ‘भीम सेना’ काढली. निजामाची बाजू घेणाऱ्या या माणसानेही अखेर बाबासाहेबांचंच नाव घेतलं.

श्यामसुंदरांना गद्दार म्हणून मोकळं होणारे आजही भेटतात. मला ते पटत नाही. भारतात विलीन झाल्यावर गावचा पाटील बदलणार आहे का, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता आणि पुढच्या कित्येक वर्षांत मराठवाड्याने त्याचं उत्तर काही फार अभिमानाने दिलेलं नाही. पण राजकारणात प्रश्न बरोबर असूनही माणूस चुकीच्या दाराशी उभा राहू शकतो. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७मध्ये पत्रक काढून हैदराबादमधल्या दलितांना स्पष्ट सांगितलं की निजामाच्या मागे जाऊन समाजाचं नाव बदनाम करून घेऊ नका. मक्रणपूरला नऊ वर्षांपूर्वी जे सांगितलं गेलं होतं त्याचाच हा पुढचा भाग. भाऊसाहेबांची बाजू १९३८लाच ठरली होती. निजामाच्या बाजूने उठलेल्या रझाकारांच्या दिवसांत ती धरून राहणं म्हणजे काय असेल, ते त्या पिढीतल्या कुणाकडून ऐकलं असेल तर तुम्हाला ठाऊकच असेल.

नंतरचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना बऱ्यापैकी माहीत असतं. १९५२ला पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. मुंबईत खुद्द बाबासाहेब काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून पडले. देशभरात फेडरेशनचे लोकसभेत दोघेच निवडून आले, सोलापुरातून पां. ना. राजभोज आणि करीमनगरमधून एम. आर. कृष्णा. करीमनगर म्हणजे जुनं निजामाचं राज्य. हैदराबाद विधानसभेतही फेडरेशनला पाच जागा मिळाल्या. मतपेटी कधी न पाहिलेल्या मुलखासाठी ही संख्या लहान नव्हे. १९५३ला मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, गायरानं कसणाऱ्यांच्या नावे करा ही त्यातली मागणी आजही तुमच्या तालुक्यात जुनी झालेली नाही. आणि त्याआधी १९५०च्या जूनमध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज औरंगाबादेत सुरू झालं, तेच पुढे मिलिंद. ज्या शहरात बाबासाहेबांना भाषण करू दिलं जात नव्हतं त्याच शहरात बारा वर्षांच्या आत त्यांनी कॉलेज उभं केलं. तिथल्या मराठवाडा विद्यापीठाला त्यांचं नाव देण्यासाठी मात्र १९७८च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४पर्यंत थांबावं लागलं आणि त्या सोळा वर्षांत काय काय जळलं तो वेगळाच विषय आहे.

आता मूळ वादाला परत येतो. ‘जय भीम’ मक्रणपूरला कामठीहून आला की भाऊसाहेबांना तो स्वतंत्रपणे सुचला? परिषदेला विदर्भातून माणसं आली होती, हे वर सांगितलंच. तीन वर्षं कामठी-नागपुरात रोज म्हटलं जाणारं अभिवादन त्या माणसांच्या तोंडून शिवनेच्या काठावर पोचलं नसेल असं मानणं मला अवघड वाटतं. माझा कौल असा : शब्द हरदासांचा, ठराव मक्रणपूरचा. एकाने तो कार्यकर्त्याच्या रोजच्या भेटीत घातला, दुसऱ्याने तो परिषदेत मांडून सगळ्यांचा करून घेतला. लग्नातल्या पाहुण्यांनाही हा निवाडा मान्य व्हायला हरकत नसावी. मान्य नसेल तर एकच तपशील त्यांना सांगा. मक्रणपूरची परिषद झाली त्यानंतर तेराव्या दिवशी, १२ जानेवारी १९३९ला, बाबू हरदास क्षयाने गेले. वय ३५. नदीकाठचा ठराव त्यांच्या कानावर गेला की नाही कोण जाणे.

राहिला एक छोटा मुद्दा. मक्रणपूरला पाहण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारेल. परिषदेसाठी बांधलेला विटांचा मंच, ज्यावरून बाबासाहेब बोलले, तो अजून आहे. ३० डिसेंबरचा मेळावा १९७२च्या दुष्काळातही खंडला नाही. त्या वर्षी तुमच्या भागात सुकडी आणि मिलोवर माणसं जगत होती, दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. चाळीसगावकडून येणार असाल तर औट्रम घाट चढून कन्नडला या. घाटाला ज्याचं नाव आहे तो जेम्स औट्रम १८२५ला खानदेशात भिल्ल पलटण उभी करणारा इंग्रज अधिकारी. त्याचं नाव घाटाला अजून चिकटून आहे, भाऊसाहेबांचं नाव शाळेच्या पुस्तकात शोधून सापडत नाही.

आणि एक विनंती, तुम्हाला आणि कन्नड, वैजापूर, खुलताबादच्या सगळ्याच वाचकांना. १९३८ला दहा वर्षांचं असलेलं मूल आज शंभरीला टेकलं असेल, तेव्हा प्रत्यक्ष साक्षीदार हाती लागणं कठीणच. पण त्यांनी मुला-नातवंडांना सांगितलेलं अजून घरात असतं. देवगावहून कोण कोण गेलं, बैलगाडीने की पायी, नदी कुठे उतरले, भाकरी बांधून नेली होती का, परत आल्यावर पोलिसपाटलाने काय केलं. त्या सभेला गेलेल्या बायकांची नावं तर आवर्जून विचारा, कारण ती कुठल्याच कागदावर नाहीत. ऐकलेलं जसंच्या तसं लिहा, कुणी सांगितलं आणि कधी सांगितलं ते खाली टाका आणि आमच्याकडे पाठवा. डिसेंबरच्या अंकात त्यासाठी जागा ठेवली आहे.